भोगवटादाराचा रकाना

आमच्या पावस गावात बंद घरे पुष्कळ. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला. गणपतीत आणि मे महिन्यात काय ते दार उघडते. भाड्याने का देत नाही, असे विचारले तर ठरलेले उत्तर येते, "नको, कूळ लागेल." ही भीती उगाच नाही. 1949 च्या कायद्याने खोती गेली. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. रत्नागिरी जिल्ह्यात जिथे याची गोष्ट नाही असे घर विरळे. पण कूळकायदा शेतजमिनीचा. निव्वळ राहायला घेतलेल्या खोलीचा भाडेकरू त्याने मालक होत नाही. त्याच्याशी वाद झालाच तर तो वेगळ्या वाटेने होतो, आणि ती वाट आमच्या घराने चालून पाहिली आहे.

माझ्या काकांनी मागच्या दोन खोल्या एका कुटुंबाला तोंडी बोलीवर दिल्या होत्या. माणसे चांगली होती. भाडे हातात यायचे, पावती कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही. काका गेले, घर आम्हा चुलतभावंडांत आले आणि खोल्या परत मागितल्या, तेव्हा भाडेकरू म्हणाले, "काकांनी आम्हाला हवे तितके दिवस राहा असे सांगितले होते." खरे असेल, खोटे असेल. सांगणारे काका नव्हते आणि कागदही नव्हता.

मग ग्रामपंचायतीतून घरपट्टीच्या नमुना 8 चा उतारा काढला. मालकाच्या रकान्यात काका, आणि शेजारच्या भोगवटादाराच्या रकान्यात भाडेकरूचे नाव! यात कोणाची लबाडी नव्हती. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी सुधारतात. तेव्हा कोण राहते, असे विचारले जाते आणि दारात जो असतो तो आपले नाव सांगतो. या नोंदीने मालकी ठरत नाही, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले. पण भाडेकरूंकडे एक कागद होता आणि आमच्याकडे एकही नाही, हेही खरेच होते.

मुंबईच्या भावाने सुचवले, वीज तोडा, आपोआप जातील. वकिलांनी तिथेच थांबवले. भाडेकरूचे पाणी, वीज तोडणे हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. मालकच आरोपी होतो. शेवटी तडजोड झाली. पावसाळा संपेपर्यंत मुदत, नव्या जागेच्या अनामतीला थोडी मदत, आणि खोल्या सोडल्याचा सही केलेला कागद. भाऊबंदांना हे नमते घेणे वाटले. वाटो बापडे, कोर्टातल्या तारखांपेक्षा ते स्वस्त पडले.

म्हणून सांगते. लेखी लिव्ह अँड लायसन्स करार करा, आणि तो नोंदवा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध करणे मालकाकडे येते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. आमची ग्रामपंचायत, आम्हाला हा कायदा लागतो का, असा वाद घालणारे भेटतात. त्या वादापेक्षा ग्रामीण भागातली 500 रुपयांची नोंदणी फी भरावी. मुद्रांक शुल्क तर पाव टक्का. मुंबईतल्या मालकाला यासाठी गावी यावे लागत नाही, नोंदणी ऑनलाइन होते. 11 महिन्यांचाच करार हवा असेही नाही, 60 महिन्यांपर्यंत करता येतो. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

करारात कोकणातल्या गोष्टी लिहा, छापील नमुन्यात त्या नसतात. पावसाळ्यापूर्वी कौले कोण चाळणार, विहिरीचा पंप बिघडला तर खर्च कोणाचा, परसातल्या नारळ-फणसावर हक्क कोणाचा. भांडणे भाड्यावरून कमी आणि फणसावरून जास्त होतात. भाडे बँकेत घ्या. पोलीस ठाण्यात माहिती द्या. आंब्याच्या हंगामासाठी बागेत नेपाळी रखवालदार ठेवत असाल तर त्याच्या नागरिकत्वाच्या कागदाची प्रत घ्या, आणि खोली कामापुरती आहे हे वेगळे लिहून ठेवा. मात्र त्या खोलीला संडास आणि गळके नसलेले छप्पर द्या. आंब्याच्या पेटीला जेवढे जपतो तेवढे तरी माणसाला जपावे.

मे 2025 मध्ये राज्याने 'माझे घर, माझा अधिकार' हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. त्यात विद्यार्थी, कामगार, नोकरदार स्त्रिया यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा विचार आहे. चांगलेच आहे. पण गावात बदलून आलेली शिक्षिका, आरोग्य केंद्रातली नर्स, बँकेतला नवा कर्मचारी यांना आज रात्री खोली हवी असते. ज्याने घरकुलासाठी जुने घर पाडले, त्याच्या अनुदानाचे हप्ते टप्प्याटप्प्याने येतात आणि मध्ये पाऊस गाठतो. हे कुटुंब चार महिने कुठे राहणार? याचे उत्तर तुमच्या-आमच्या कुलपाआड आहे. अशांकडून अनामत किती घ्यावी, यालाही एक माप आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असे म्हटले आहे. तो राज्यांवर बंधनकारक नाही, पण तेवढी पुरे आहे असे माझे मत.

आणि घर भाड्याने द्या अथवा देऊ नका, पुढची घरपट्टी भरायला जाल तेव्हा नमुना 8 चा उतारा मागून घ्या. मालक आणि भोगवटादार हे दोन्ही रकाने वाचा. नाव चुकीचे दिसले तर लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून निघू नका.