जुन्या मोटारीच्या कर्जकरारातील चुकीचे तपशील

प्रश्न : वापरलेल्या मोटारीच्या कर्जकरारात चासी क्रमांक आणि निर्मितीवर्ष चुकीचे छापले गेल्यास कर्जदाराने काय करावे?

उत्तर : वाहनाचा ताबा कर्जदाराकडे ठेवून वित्तसंस्था त्यावर जो तारणहक्क, म्हणजेच बोजा, ठेवते, त्याची नोंद मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 51 नुसार नोंदणी प्रमाणपत्रावर होत असल्याने, करारातील प्रत्येक तपशील आधी त्या प्रमाणपत्राशी आणि मग वाहनावर कोरलेल्या चासी क्रमांकाशी ताडून पाहावा. एखादाच अंक चुकला असला, तरी ती चूक किरकोळ मानणे धोक्याचे आहे, कारण कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्यासाठी भरावयाच्या नमुना 35 च्या वेळी तीच आडवी येऊ शकते. निर्मितीवर्षाची चूक त्याहून गंभीर. जुन्या वाहनाचे मूल्यांकन आणि पर्यायाने कर्जाची रक्कमच त्यावर ठरते. दुरुस्तीची मागणी लेखी करून, सोबत प्रमाणपत्राची प्रत व कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र जोडून, पोच अवश्य घ्यावी. पेनाने केलेली खाडाखोड स्वीकारू नये. दोन्ही पक्षांच्या सह्यांचे दुरुस्तीपत्रच मागावे. बँकेने किंवा मोठ्या वित्तसंस्थेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र वाद चालू असताना हप्ते थांबवू नयेत, कारण थकबाकीची नोंद कर्जदाराच्या पतअहवालात होते.