तिसऱ्यांदा नीट देण्याआधी रक्तपेढीत जाऊन या

नीटचा निकाल लागला की मला येणाऱ्या फोनचा मजकूर ठरलेला असतो. "सर, थोडक्यात गेलं. रिपीट करू द्यावं का?" थोडक्यात म्हणजे किती, असं विचारलं की पलीकडे शांतता. शंभर-सव्वाशे गुणांनाही हल्ली आमच्याकडे थोडक्यात म्हणतात. मुलगा किंवा मुलगी स्वतः फोनवर नसतेच. वडील बोलतात, मागून आई काय विचारायचं ते सांगते, आणि ज्याचं वर्ष जाणार ते लेकरू आतल्या खोलीत दार लावून बसलेलं असतं.

एकदा रिपीट करायला माझी हरकत नाही. दुसऱ्यांदाही गुण तिथंच घुटमळले असतील, तर तिसऱ्या वर्षी लातूरला किंवा कोट्याला पाठवून फारसं काही बदलत नाही; खर्च तेवढा वाढतो. बीएएमएस, बीएचएमएस, फार्मसी, नर्सिंग, फिजिओ ही सगळी नावं तुम्हाला पाठ आहेत, त्यावर मी जागा घालवत नाही. मला बोलायचंय ते 'डीएमएलटी'बद्दल, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेबद्दल. हे नाव आमच्याकडे नेहमी पडलेल्या आवाजात घेतलं जातं. "काहीच नाही झालं तर डीएमएलटी करील आणि गडहिंग्लजला स्वतःची लॅब टाकील."

हा हिशेब आधी डोक्यातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. म्हणजे बोर्ड तुमच्या पोराचा आणि सही दुसऱ्याची. ती सही महिन्याच्या भाड्याने मिळवून चालणाऱ्या लॅब सगळ्यांना माहीत आहेत. तपासणी आली की काय होतं, तेही माहीत आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोराला या खेळात उतरवायचं आणि वर 'स्वतःचा व्यवसाय' म्हणायचं, हे मला पटत नाही.

याच शिक्षणावर एक दुसरं दार उघडतं, ते म्हणजे रक्तपेढी. हल्ली कायद्यात तिला रक्तकेंद्र म्हणतात. तिकडे कोणी बघत नाही, कारण तिथं तंत्रज्ञाच्या नावाचा बोर्ड लागत नाही आणि पै-पाहुण्यांत सांगायला काही उरत नाही.

रक्त काढायचं, पिशवीत भरायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, एवढंच काम असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आलेली पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्यांतून जाते. शीत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिचे घटक वेगळे होतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ठेवल्या तर ३५ दिवस टिकतात, वेगळं पोषक द्रावण घातलं तर ४२. प्लेटलेट्सना फ्रीज चालतच नाही. त्या २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवला की वर्षभर राहतो. आता डेंग्यूच्या दिवसांतला साठा डोळ्यांपुढे आणा. गणपतीत तालमीच्या पोरांनी रांगा लावून दिलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्स आठवड्याभरातच बाद होतात. मेमध्ये कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मात्र सिंधुदुर्गापासून निपाणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येतच असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी शहराच्या फ्रीजमध्ये जे असेल त्यावरच भागवावं लागतं. पिशव्यांचा हा हिशेब रोज मांडायला कोणीतरी डोकं ठिकाणावर असलेलं माणूस लागतं.

खरी परीक्षा टेबलावर होते. अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं; रुग्णाच्या पेशींवर टाकलं आणि पुंजके झाले नाहीत की गट 'ओ'. हे बारावीच्या प्रॅक्टिकलमध्येही जमतं. पण रक्तपेढीत उलटी तपासणीही करतात: रुग्णाच्या सीरमवर माहीत असलेल्या ए आणि बी पेशी टाकून बघायच्या. सोबत ओ पेशींची तिसरी नळी लावायची असते. रात्री तीनला, बाहेर नातेवाईक दार वाजवत असताना, ही तिसरी नळी टाळायचा मोह होतो. आणि नेमकी तीच नळी बोलते. ओ दिसणाऱ्या माणसाच्या सीरमने ओ पेशींचेही पुंजके केले, तर तो ओ नसून बॉम्बे गटाचा असू शकतो. डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि इतर सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे मांडलेला हा गट मुंबईत सापडला. ए आणि बी प्रतिजनं ज्या 'एच' पायावर उभी राहतात, तो पायाच या लोकांच्या पेशींवर नसतो. त्यामुळे त्यांना ओ गटाची पिशवीसुद्धा चालत नाही, दुसऱ्या बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त लागतं. आपल्या देशात असं प्रमाण साधारण दहा हजारांत एक सांगितलं जातं. नळी टाळली तर पुढे क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघताना, तो सापडायला हवा, आणि सापडतोही. पण एकदा टाळायची सवय लागलेला माणूस क्रॉसमॅचही घाईतच करतो.

  

म्हणून हुशार पोरांपेक्षा मला इथं चिकट पोरं हवीत. चुकीच्या गटाचं रक्त चढण्याचे प्रकार बहुतेक वेळा विज्ञान न आल्यामुळे होत नाहीत. नळीवर दुसऱ्याच रुग्णाचं नाव पडल्यामुळे, दोन 'पाटील' एकाच वॉर्डात असल्यामुळे होतात. थोडंसं चुकीचं रक्तही जीव घेऊ शकतं. ज्या मुलीला आई घरात "किती वेळा कडी बघतेस गं" म्हणून रागावते, तिला माझ्याकडे पाठवा. ज्याला शेजारच्याच्या वहीतून प्रयोग उतरवायची सवय आहे, त्याला पाठवू नका. डॉक्टर नाही तर नाही, निदान हे तरी करू दे, असं म्हणून ढकललेली पोरं इथं धोकादायक ठरतात.

पगाराचं स्पष्ट सांगतो: सुरुवातीला कमी. खासगी केंद्रात पहिली दोन वर्षं हातात फार पडत नाही. सरकारी दवाखान्यांत रक्तपेढी तंत्रज्ञ, रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी अशी पदं आहेत, पण जाहिराती वेळेवर येत नाहीत. मात्र कायद्यानेच या कामाला माणूस बांधून दिलेला आहे. रक्तकेंद्राच्या परवान्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो: पदवीधर असेल तर सहा महिने आणि पदविकाधारक असेल तर वर्षभर रक्त व रक्तघटक तपासण्याचा अनुभव. आणि पदवी किंवा पदविका सरकारमान्य संस्थेचीच लागते. या शेवटच्या अटीवर दरवर्षी पोरं अडकतात. बसस्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेला फलक बघून पैसे भरतात आणि तीन वर्षांनी कळतं की कागदाला किंमत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी पदवी असो की पदविका, पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: मान्यता कोणाची, आणि प्रत्यक्ष कामाचं शिक्षण कोणत्या परवानाधारक रक्तकेंद्रात. दुसऱ्या प्रश्नाला "ते आम्ही बघू" असं उत्तर आलं की चप्पल घालून बाहेर पडा.

मुलींच्या पालकांचा प्रश्न हमखास येतो: "रात्रपाळी असते ना सर?" असते. एमबीबीएसच्या इंटर्नला संध्याकाळी सहाला घरी सोडतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं? तिसऱ्यांदा नीटला बसवताना रात्रपाळी आठवत नाही, इथं मात्र आठवते.

निर्णय घेण्याआधी एक करा. पोराला अठरा पूर्ण झाली असतील, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल, तर एकदा रक्त द्यायला पाठवा. सुई बघून चक्कर येते का, त्या खोलीत बसावंसं वाटतं का, हे तासाभरात कळतं. वडिलांनीही बरोबर जावं आणि बाहेर बाकावर न बसता आत जाऊन बाही वर करावी. पहिल्यांदाच देणार असाल तरी साठीपर्यंत चालतं.