भूतानला कधी जावं?

शेवटचं वर्ष सुरू झालं की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी ट्रिप शिजायला लागते. बहुतेक प्लॅन गोव्यावर येऊन संपतात. पण अलीकडे मेसच्या टेबलावर "भूतानला जाऊ या का?" हेही ऐकू येतं आणि पाठोपाठ हमखास दुसरा प्रश्न येतो, "पण आत्ता तिकडे सीझन आहे का?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. कारण सीझन निवडण्याची चैन आपल्याला नसते. विद्यापीठ सोडेल तेव्हा निघायचं! दिवाळी, ओरल्स संपल्यावरचे हिवाळ्यातले दिवस आणि मे-जून, एवढ्याच काय त्या आपल्या सुट्ट्या. स्टाफरूममधल्या मंडळींचीही गत फारशी वेगळी नाही.

आधी देशाचा आकार समजून घेऊ. भूतानचं क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक अष्टमांश. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. पण उंचीचा हिशेब बघा. दक्षिणेला भारताच्या सीमेवर जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम शे-दोनशे मीटर आहे आणि उत्तरेला गांगखर पुएन्सुम हे शिखर ७५७० मीटर. मधलं अंतर फार तर पावणेदोनशे किलोमीटर! (हे शिखर आजवर कोणी सर केलेलं नाही. तिथल्या सरकारने १९९४ पासून सहा हजार मीटरच्या वरच्या शिखरांवर आणि २००३ पासून गिर्यारोहणावरच बंदी घातली. डोंगराला देव मानणारे लोक त्याच्या डोक्यावर पाय कसा देऊ देतील?)

उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे आपण शाळेत पाठ केलेलं. आता हे आकडे घ्या. राजधानी थिंफू सुमारे २३०० मीटरवर आणि पुनाखा सुमारे १२०० मीटरवर. फरक ११०० मीटर, म्हणजे सात अंश. गाडीने हे अंतर तीन तासांच्या आसपास, मध्ये ३१०० मीटरचा दोचुला घाट. म्हणून जानेवारीत सकाळी थिंफूत नळाचं पाणी गोठायच्या बेतात असतं आणि दुपारी पुनाख्यात स्वेटर काढून संत्री खाता येतात. ही युक्ती भूतानी लोकांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. देशाचा मुख्य भिक्षुसंघ आणि त्यांचे धर्मगुरू जे खेन्पो उन्हाळ्यात थिंफूत राहतात आणि थंडी पडली की पुनाख्याच्या झोंगमध्ये मुक्काम हलवतात. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी यांचं एकत्र बांधकाम. तेव्हा "भूतानला कधी जावं" याचं अर्धं उत्तर "कुठल्या उंचीवर जावं" असं आहे.

दिवाळीची सुट्टी ही सगळ्यात चांगली, यात वाद नाही. पाऊस थांबलेला असतो, हवा धुतल्यासारखी असते आणि दोचुल्याहून हिमशिखरांची रांग दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त. ऑक्टोबरच्या अखेरीपासून तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच फोबजिखाच्या दरीत उतरायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. तिथे ११ नोव्हेंबरला त्यांच्या नावाने उत्सवही असतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनी ही दरी मुद्दाम बघावी. गावात वीज नेताना पक्ष्यांना तारांची इजा होऊ नये म्हणून केबल जमिनीखालून टाकली आहे. खर्च वाढला, तरी टाकली!

मे महिन्यात पहिले काही दिवस घाटात गुरासचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) फूल असतं, पण भारतातल्या सगळ्या शाळांना तेव्हाच सुट्टी, त्यामुळे पारोच्या बाजारात मराठी, गुजराती आणि बंगाली आळीपाळीने ऐकू येतं. जूनमध्ये पाऊस येतो आणि तो सप्टेंबरपर्यंत हलत नाही. या दिवसांत सगळे जण जाऊ नका सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. भातखाचरं हिरवीगार असतात आणि ताक्त्सांगचा मठ ढगातून मधूनच डोकावतो. हा मठ १६९२ साली कड्याच्या कपारीत बांधलेला, १९९८ च्या आगीत जळाला आणि पुन्हा तसाच उभा केला. पाऊस पडतो म्हणून तो बघायचा राहत नाही, फक्त वाट घसरडी होते. अडचण मठात नाही, रस्त्यात आहे. सीमेवरच्या फुन्शोलिंगहून थिंफूला जाणारा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने १९६१ पासून बांधायला घेतला. त्याआधी १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले ते नथुला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी. या रस्त्यावर सोरचेन आणि जुमजा इथे पावसाळ्यात दरडी कोसळतात. सिव्हिलच्या मुलांना हे प्रात्यक्षिक वाटेल, पण परतीचं रेल्वे तिकीट हातात असताना दरडीअलीकडे अडकून पडणं काही गमतीचं नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर शेवटी एक दिवस मोकळा ठेवा. विमानानेही सुटका नाही. पारोचा विमानतळ दरीत आहे, वैमानिकाला डोळ्यांनी बघूनच उतरावं लागतं, तेही दिवसाउजेडी. ढग उतरले की विमान थांबलं.

राहिला हिवाळा. माझा कौल याच सुट्टीला. गर्दी कमी, आकाश निळं, खोलीत बुखारी (लाकडं जाळायची लोखंडी शेगडी). रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा थिंफू-पारोत दोन रात्री काढून पुनाख्यात उतरावं, भिक्षूंसारखं. आणि मुख्य म्हणजे नद्या काय करतात ते याच दिवसांत कळतं.

भूतानची मोठी कमाई पाण्यापासून होणारी वीज आणि तिचं गिऱ्हाईक भारत. थिंफूच्या रस्त्यावर लागणारा चुखा प्रकल्प ३३६ मेगावॉटचा, त्याच नदीवर खाली ताला १०२० मेगावॉटचा, १७० च्या सहा पेल्टन टर्बाइन. दोन्ही भारताच्या मदतीने झालेले. तालाला सुमारे ८६० मीटरचा हेड मिळतो. ९० टक्के कार्यक्षमता धरून गणित करा: सेकंदाला एक घनमीटर पाण्यातून साडेसात मेगावॉटच्या वर वीज. पूर्ण क्षमतेला साधारण १३५ घनमीटर पाणी लागतं. पावसाळ्यात ते मिळतं. पण हिवाळ्यात समजा २७ घनमीटरच आलं, तर हाच प्रकल्प दोनशे मेगावॉटवर येतो. आपल्या कोयनेला असं होत नाही, कारण तिथे शिवसागरात पावसाचं पाणी साठवून ते वर्षभर पुरवता येतं. ताला वाहत्या पाण्यावर चालतो, साठा नाममात्र. धरण मोठं बांधलं असतं तर दऱ्या बुडाल्या असत्या, आणि शेतीला सपाट जमीन असते ती दऱ्यांतच. परिणाम असा की जो देश पावसाळ्यात आपल्याला वीज विकतो, तोच हिवाळ्यात आपल्याकडून विकत घेतो. थिंफूतल्या हॉटेलात जानेवारीत हीटर लावाल तेव्हा त्यातली काही वीज भारतातून आलेली असू शकते.

नदीची दुसरी बाजू पुनाख्यात दिसते. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर १६३७ साली झोंग बांधायला घेतला. ऑक्टोबर १९९४ मध्ये वर हिमनदीतलं लुग्गे तलावाचं बांध फुटून पूर आला, वीसवर माणसं गेली, झोंगचंही नुकसान झालं. शेजारच्या थोरथोर्मी तलावाची तीच भीती होती, म्हणून २००९ पासून काही उन्हाळे मजुरांनी तिथे चालत जाऊन, कुदळ-फावड्याने चर खणून पाण्याची पातळी पाच मीटरने खाली आणली. यंत्र न्यायला रस्ताच नव्हता. पूल ओलांडून झोंगकडे जाताना हे आठवावं.

आता पैसे. भारतीयांना २०२२ पासून माणशी दर रात्री १२०० रुपये 'शाश्वत विकास शुल्क' भरावं लागतं. पाच रात्रींचे सहा हजार, राहणं-जेवण वेगळं. आपल्यापैकी कित्येकांच्या दोन महिन्यांच्या मेस बिलाएवढे! पूर्वी भारतीयांना हे नव्हतं, त्यामुळे खूप जण कुरकुरतात. पण राज्यघटनेत ६० टक्के जंगल कायम राखायचं लिहिलेल्या देशाने "थोडे या, पण भरून या" म्हणावं यात मला गैर वाटत नाही. विद्यार्थ्यांना सवलत हवी होती, हे मात्र खरं. वाचवायचं असेल तर प्रवासात वाचवा: हावड्याला उतरून सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमारा, तिथून फुन्शोलिंग जवळच. गुल्त्रुम आणि रुपया एकास एक, बदलायची कटकट कमी.

आणि सर्वांत महत्त्वाचं. परवान्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही, कॉलेजचं ओळखपत्र तर नाहीच. विंगमधल्या निम्म्या मुलांकडे दोन्ही नसतात. ज्यांना डिसेंबरात जायचंय त्यांनी मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आत्ताच भरावा, कार्ड हातात यायला आठवडे लागतात. घड्याळ तिथे अर्धा तास पुढे असतं, एवढं सीमेवर बदलून घ्या.