नाव आपलं, पत्ता कंपनीचा

आमच्या गडभटक्या मंडळींची वेबसाइट मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर चालवतो. किल्ल्यांचे फोटो, वाटांची टिपणं, पुढच्या मोहिमेची माहिती. डोमेन स्वतःचं, जोडणी साधी घरगुती फायबरची. एका रात्री वीज जाऊन आली आणि सकाळी एका मैत्रिणीचा फोन : "अरे, साइट उघडली की पासवर्ड मागतेय!" लॅपटॉप ठणठणीत होता. राउटर पुन्हा सुरू झाला तेव्हा कंपनीने आम्हाला नवा आयपी पत्ता दिला होता. जुना दुसऱ्या कुणा ग्राहकाकडे गेला होता आणि आमचं नाव आता त्याच्या राउटरचं लॉगिन पान दाखवत होतं. साइट बंद पडली तर एक वेळ चालतं. आपल्या नावावर भरवसा ठेवून कुणी भलत्याच पानात पासवर्ड टाकला तर नाही. असा उद्योग घरी करणाऱ्यांसाठी म्हणून हे चार शब्द.

पत्ता किती वेळा बदलतो ते नंतर पाहा, तो मुळात तुमचा आहे का ते आधी पाहा. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता एकच असेल तर उत्तम. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरताय. आयपीव्ही४चे पत्ते एकूण जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपले, आणि २०१२मध्ये हा पट्टा अशा वाटणीसाठी राखून ठेवला गेला. इथे राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा माणूस आत पोचत नाही. मग तीन वाटा उरतात : जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेणं, आयपीव्ही६ वापरणं, किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरपर्यंत घरातून वायरगार्डचा बोगदा काढणं. घरगुती प्लॅनमध्ये सर्व्हर चालवायला परवानगी आहे का, तेही त्याच वेळी वाचून घ्या.

पत्ता आपला पण बदलता असेल, तर डायनॅमिक डीएनएस लागतं. लॅपटॉपवरची छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी बाहेरचा पत्ता पाहते आणि बदलला असेल तर डोमेनची नोंद दुरुस्त करते. नोंदीचा टीटीएल ३०० सेकंद ठेवा. ८६,४०० असेल तर काही लोकांना दिवसभर जुनाच पत्ता दिसत राहील. स्क्रिप्टने पत्त्याची तुलना स्वतःच्या आठवणीशी न करता डीएनएसमधल्या प्रत्यक्ष नोंदीशी करावी. नाहीतर नोंद दुसऱ्या कारणाने बिघडली तर ती 'काही बदललं नाही' म्हणून स्वस्थ बसते. तिला दिलेल्या टोकनला फक्त याच डोमेनच्या नोंदी बदलता याव्यात, सगळ्या खात्याची किल्ली देऊ नये.

आयपीव्ही६ची एएएए नोंद असेल तर तिच्यावरही तितकंच लक्ष हवं. ती जुनी राहिली की विचित्र तक्रारी येतात : ऑफिसात साइट उघडते, मोबाइलवर अडखळते किंवा उघडतच नाही, कारण आपल्याकडची मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६वर चालतात. इथे राउटरचा पत्ता देऊन भागत नाही, लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता लागतो. म्हणून स्क्रिप्ट लॅपटॉपवरच असावी.

साइट पूर्णपणे एचटीटीपीएसवर न्या आणि एचएसटीएस लावा. मग पत्ता भलत्याकडे गेला तरी नेहमी येणाऱ्यांना ब्राउझर दारातच अडवतो. लेट्स एनक्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र डीएनएस नोंदीद्वारे पडताळून मिळतं. पोर्ट ८० बंद असला तरी अडत नाही.

ईमेल मात्र घरी ठेवू नका. पोर्ट २५ बहुधा बंद असतो, उलट्या डीएनएसची नोंद कंपनीच्या हातात असते आणि घरगुती पत्त्यांवरून आलेलं पत्र अनेक मेलसेवा थेट नाकारतात. ते काम पैसे घेणाऱ्या एखाद्या सेवेकडे सोपवा. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. मुदत संपल्याची सूचना जिथे यायची ती पेटीच बंद पडलेली असेल. नोंदणी गटातल्या उत्साही मुलाच्या नावावर न ठेवता जबाबदार माणसाच्या नावावर असावी.

घरी काय ठेवायचं, याची कसोटी साधी आहे : अर्धा दिवस बंद राहिलं तर कुणाचं नुकसान होतं का? फोटोंचं होत नाही. मोहिमेची नोंदणी आणि आणीबाणीचे फोन नंबर आम्ही बाहेरच्या सर्व्हरवर हलवले.

सगळं बसवलं की मुद्दाम मोडून पाहा. डोमेनच्या नोंदीत १९२.०.२.१ हा केवळ उदाहरणांसाठी राखलेला पत्ता टाका आणि स्क्रिप्ट आपणहून तो दुरुस्त करते का पाहा. मग राउटर, लॅपटॉप दोन्हींची वीज काढून पुन्हा द्या. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तो आपोआप सुरू होतो का तेही कळेल. साइट तपासताना घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून उघडा, कारण अनेक राउटर आतूनच आपल्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत. या चाचणीत पास झाल्यावरच डोमेनचं नाव लोकांना सांगा.