कर्म, बुद्धी आणि दानाचे मोल

मनुष्याचा चांगुलपणा त्याच्या हेतूवरून ठरवावा की कृतीवरून, या प्रश्नाची मराठीत विस्ताराने चर्चा करणारा ग्रंथ म्हणजे टिळकांचे ‘गीतारहस्य’ (१९१५). कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, हा त्यातील निर्णय सर्वश्रुत आहे. त्याच्या वाटेवर येणारा एक दृष्टांत मात्र बारकाईने तपासण्याजोगा आहे.

पॉल केरस यांच्या ग्रंथातून टिळकांनी घेतलेली ती हकीकत अशी. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामगाडी सुरू करावयाची होती. सरकारी मंजुरीस विलंब लागू लागला, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळविली. लोकांची उत्तम सोय झाली. पुढे बिंग फुटले. पहिल्या ज्यूरीत एकमत होईना. दुसरीने त्यास दोषी ठरविले. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ ही कसोटी अपुरी आहे, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते. परंतु बुद्धी हीच खरी कसोटी, हे काही त्यातून निघत नाही. व्यवस्थापकाच्या मनात लोकहिताची तळमळ होती की नफ्याची हाव, याचा निवाडा न करताही लाच ही लाचच राहते. परिणाम आणि हेतू यांच्या दरम्यान खुद्द कर्माचे स्वरूप उभे असते. टिळक ते फार लवकर ओलांडून जातात, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील नकुलाची कथा येथे अधिक उपयोगी पडते. कुरुक्षेत्रातील उंछवृत्तीचा ब्राह्मण, त्याची पत्नी, पुत्र व स्नुषा ही चौघे उपाशी असताना आपापल्या वाट्याचे सातूचे पीठ अतिथीपुढे ठेवतात. तेथे लोळून नकुलाचे अर्धे अंग सोन्याचे होते. युधिष्ठिराच्या यज्ञात उरलेले अर्धे होत नाही. ही कथा बुद्धीच्या पक्षाची म्हणून सांगता येईल. पण त्या चौघांचे मन आपणांस कळते ते कशावरून? पीठ तेवढेच होते, यावरून. कृतीसाठी काय सोसले, हाच येथे हेतूचा पुरावा आहे.

हा पुरावा नाहीसा झाला तर काय होते, हे बंगळूरच्या सर्जापूर रोडवर पाहावयास मिळते. तेथे मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या १३५ व्या कलमान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. आरंभी खर्च न झाल्यास कारण सांगून भागत असे. २०२१ पासून उरलेली रक्कम विहित निधीत वा स्वतंत्र खात्यात भरावीच लागते. म्हणजे देणे उरले, देणारा उरला. न देण्याची मोकळीक तेवढी गेली. अशा रकमेतून शाळेस छप्पर मिळाले तर ते पावसाळ्यात गळणार नाही, आणि त्या मुलांच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे. पण त्या रकमेवरून कंपनीच्या औदार्याची थोरवी गाता येणार नाही, तशी तिच्या दांभिकपणाची निंदाही करता येणार नाही. वार्षिक अहवालातील ‘औदार्य’ हा शब्द खरे पाहता दोन टक्क्यांपलीकडे जे दिले गेले असेल, तेवढ्यापुरताच वापरावयास हवा. आणि तेथेही ते किती शिलकेतून दिले, हे नकुल विचारीलच.