रात्री जेवलो नाही, तरी सकाळी साखर का वाढते?

“ताई, रात्री गोडाला हात लावला नाही, जेवणही केलं नाही, मग सकाळची साखर १८० कशी?” वस्तीतल्या तपासणी शिबिरात हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकायला मिळतो. ‘गोळी लागू पडत नाही’ असे समजून काहीजण ती सोडूनच देतात. म्हणून ही साखर येते कुठून, ते समजून घेऊ.

साखर फक्त ताटातून येत नाही. आपले यकृत, म्हणजे लिव्हर, साखरेचे कोठार आहे आणि कारखानाही. जेवणानंतरची जादा साखर ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. रात्री पोट रिकामे असले तरी मेंदूला साखर लागतेच. तेव्हा यकृताच्या पेशी हा साठा मोडतात आणि नवी साखरही तयार करतात. इन्शुलिन त्यांना ‘आता पुरे’ असा निरोप देते. टाइप २ मधुमेहात पेशी हा निरोप नीट ऐकत नाहीत. रक्तात साखर भरपूर असूनही यकृत ती सोडतच राहते.

मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः हा कारखाना आवरते. ती स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन सोडायला लावत नाही. त्यामुळे ही एकटीच गोळी घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही.

ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ती स्वादुपिंडातून इन्शुलिन सोडायला लावते. गोळी घेतली आणि जेवण चुकले, तर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. वर दारू घेतली तर धोका आणखी वाढतो, कारण दारू यकृताचे नवी साखर बनवण्याचे काम अडवते. अशा वेळी लगेच साखरपाणी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीने दवाखान्यात न्या.

एवढे लक्षात ठेवा:

• पाकिटावरचे औषधाचे नाव वाचून घ्या. एकाच गोळीत दोन्ही औषधे असू शकतात.
• मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या. पोटाचा त्रास कमी होतो.
• मूत्रपिंडाची तपासणी दरवर्षी करा. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत असाल आणि हातापायाला मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासून घ्या.
• उलट्या-जुलाब सुरू झाले तर गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा.
• सकाळची साखर जास्त आली म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका. आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखरेची मोफत तपासणी होते. ती करून घ्या. तो आपला हक्क आहे.