रूट विकत घेतला, म्हणजे मालकीचा झाला?

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. फेडएक्स ग्राउंडचे पार्सल वाटपाचे काही रूट विक्रीला आहेत. ‘एकदा घ्या, मग घरबसल्या पैसा,’ असं दलाल म्हणतो. बचत गुंतवू का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : घाई नको, पैसे अजून तुमच्याच खात्यात आहेत. रूट म्हणजे सातबाऱ्यावर चढणारी जमीन नव्हे. तुम्हाला मिळतात ट्रक, ड्रायव्हर आणि ठरावीक मुदतीचं कंत्राट. तेही फेडएक्सने मान्यता दिली तरच. नूतनीकरणाची हमी नाही. कॅनडात तर २०२४ पासून कंपनीने हे वाटपाचं काम कंत्राटदारांकडून काढून स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे वळवलं.

दलालाच्या कागदावरच्या नफ्यात कर्जाचा हप्ता आणि ट्रकची झीज बहुधा धरलेली नसते. विक्रेत्याकडून तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स मागा, प्रत्येक ट्रकचं मायलेज स्वतः पाहा. गिअरबॉक्स गेला तर खर्च तुमचा. पगार, विमा, इंधनही तुमचंच. नाताळच्या गर्दीत ड्रायव्हरने दांडी मारली, की कसलं घरबसल्या!

तुमच्या व्हिसावर निव्वळ गुंतवणूक चालते, पण धंदा स्वतः चालवणं विनापरवाना काम ठरू शकतं. इसार देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.